वाचनालयातले चार जुने संगणक: कोणतं लिनक्स घ्यावं आणि ते मराठी वाचकाच्या हाताला कसं बसवावं?

पुस्तकवाली | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ब' वर्गाचं. आमच्याकडे चार संगणक आहेत, सगळे २०१५च्या आसपासचे. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क. चारही ठिकाणी विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ या यंत्रांवर रीतसर चढत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीत नाही.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक, नवे घ्या. दोन, चाललंय तसं चालू द्या. नव्यांसाठी पैसे नाहीत, अनुदान पगारात आणि पुस्तकांत संपतं. आणि तसंच चालू ठेवायला माझं मन घेत नाही. याच संगणकांवर आमचे सभासद तलाठी भरतीचे, एमपीएससीचे अर्ज भरतात, आधारचा ओटीपी टाकतात, कुणी बँकेचं खातं उघडून पाहतं. उद्या त्यातून कुणाचे पैसे गेले तर त्यांना तोंड मला द्यायचं आहे.

म्हणून लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीचा, विचार करतेय. माझा त्यातला अनुभव म्हणजे पुतण्याच्या लॅपटॉपवर आठवडाभर वापरलेलं उबुंटू, लिनक्सचाच एक प्रकार, एवढाच. कामं अशी आहेत. दोन संगणक सभासदांसाठी, एक देवघेवीच्या टेबलावर (नोंदी स्प्रेडशीटमध्ये), एक कार्यालयात पत्रव्यवहार आणि हिशेबाला. माझ्या सहकारी ताई रेमिंग्टनवर टंकलेखन शिकल्या आहेत आणि बोटं त्याच कळांवर पळतात. त्यांना या वयात नवी मांडणी शिकवणार नाही. पुस्तकांची यादी सुमारे १४ हजार नोंदींची. त्यातल्या पहिल्या ९ हजार एका जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या.

नेटवर पाहिलं तर लिनक्सच्या प्रकारांची शेकडो नावं. कुठून सुरुवात करू?

सह्यकडा | ९ नोव्हेंबर २०२५

ताई, नावांच्या गर्दीत शिरू नका. तुमच्यासाठी निवड दोन-तीन नावांवर येते.

माझं मत लिनक्स मिंट २२.२, सभासदांच्या यंत्रांवर एक्सएफसीई आवृत्ती आणि कार्यालयात सिनेमन (दोन्ही मिंटचे डेस्कटॉप, पहिला हलका). मिंटचा पाया उबुंटू २४.०४चा आहे आणि २२च्या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. मिंट स्वतः कमीत कमी २ जीबी रॅम सांगतं, निवांत वापरासाठी ४. म्हणजे तुम्ही बरोबर काठावर आहात. चालेल, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की रॅम ब्राउझरच खातो, मग खाली कोणतंही लिनक्स असू दे.

आता जे सांगतो ते वितरण (लिनक्सचा प्रकार) निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. फिरती हार्डडिस्क काढून साध्या साटा एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) बसवा. २५६ जीबी पुष्कळ झाली. एखाद्या देणगीदाराला पुस्तकांच्या कपाटाऐवजी या चार एसएसडी द्यायला सांगा. मी आत्तापर्यंत ज्या ज्या जुन्या यंत्रांना हात लावला, तिथे 'लिनक्समुळे वेग वाढला' असं लोक म्हणाले त्यातला मोठा वाटा एसएसडीचा होता. जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवा; तोच तुमचा बॅकअप.

निळीशाई | १० नोव्हेंबर २०२५

मी डेबियन सुचवेन. १९९३पासून चालू असलेला प्रकल्प, कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. डेबियन १३ ९ ऑगस्टला आलं. तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढची दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेला सुरक्षा आधार. पूर्वी वायफायचं फर्मवेअर (त्याच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर) वेगळं शोधावं लागायचं. डेबियन १२पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. त्यामुळे जुनी तक्रार राहिली नाही.

मिंटबद्दल एक गोष्ट विसरू नये. फेब्रुवारी २०१६मध्ये त्यांच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि डाउनलोडचा दुवा बदलून भेसळ केलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल लोकांच्या गळ्यात मारली.

सह्यकडा | १० नोव्हेंबर २०२५

खरं आहे, आणि त्यांनी ते त्याच वेळी जाहीरपणे सांगितलंही होतं. त्यातून घ्यायचा धडा मिंट टाळण्याचा नाही, फाइल पडताळण्याचा आहे. ताई, आयएसओ उतरवली की तिचा शा-२५६ आकडा (फाइलचा ठसाच म्हणा) काढा आणि संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. डेबियन घेतलंत तरी हेच करा.

डेबियन उत्तमच. पण ताईंना ड्रायव्हर मॅनेजर, अपडेट मॅनेजर आणि टाइमशिफ्ट हे तिन्ही पहिल्या दिवसापासून समोर हवेत. टाइमशिफ्ट म्हणजे चालू स्थितीची घडी घालून ठेवणं. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या घडीवर परत जाता येतं. ज्या गावात मदतीला धावून येणारा माणूस नाही, तिथे मी हे पहिलं पाहतो.

रंगपेटी | १० नोव्हेंबर २०२५

केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप कुणीच का सुचवत नाही? प्लाझ्मा ६ आता ४ जीबीवर नीट चालतं, आणि सजावटीला त्याच्या तोडीचं काही नाही. पॅनेल कुठेही हलवा, रंगसंगती बदला, खिडक्यांची बटणं डावीकडे न्या. मी माझ्या आजोबांना हुबेहूब विंडोजसारखं करून दिलंय, स्टार्टच्या चिन्हासकट. त्यांना फरकच कळला नाही. ताई, तुम्हीही तेच करा, सभासद बिचकणार नाहीत.

सह्यकडा | ११ नोव्हेंबर २०२५

रंगपेटी, इथे मी तुझ्याशी सहमत नाही. घरात तू आहेस, आजोबा हाक मारतात. वाचनालयात रोज नवा माणूस बसतो. दिसायला विंडोज आणि वागायला वेगळं, असं केलं की तो डाउनलोड केलेली 'सेटअप' फाइल डबलक्लिक करत बसतो आणि संगणक बिघडलाय म्हणतो. पॅनेल खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे एवढं सवयीचं ठेवावं. बाकी हे वेगळं आहे हे पहिल्या नजरेत कळलेलं बरं.

रंगपेटी | ११ नोव्हेंबर २०२५

हं, हे पटतंय. मग एक करता येईल. डेस्कटॉपवर फक्त चार मोठी चिन्हं ठेवा आणि त्यांना प्रोग्रामचं नाव न देता कामाचं नाव द्या. फायरफॉक्स न लिहिता 'इंटरनेट', रायटर न लिहिता 'मराठीत लिहा'. लाँचरवर राइट-क्लिक करून नाव बदलता येतं. आणि एका यंत्रावर सगळं मनासारखं झालं की सिनेमनच्या सेटिंग डीकॉन्फ या सेटिंगच्या साठ्यातून एका फाइलमध्ये काढता येतात. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या सिनेमनवर ओतायची. एक्सएफसीईत हेच काम त्याच्या सेटिंगचं फोल्डर उचलून होतं. प्रत्येक यंत्रावर पुन्हा रंगरंगोटी नको.

कंपोझिटर | ११ नोव्हेंबर २०२५

सगळे डेस्कटॉपबद्दल बोलताहेत, मला काळजी त्या ९ हजार नोंदींची आहे. पंचवीस वर्षं छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' नाहीच. त्या काळी फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे वेलांटी. संगणकाच्या लेखी ती फाइल म्हणजे इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते, फॉन्ट गेला की कचरा. आणि तो फॉन्ट आहे तोवरही 'कादंबरी' असं शोधून एकही पुस्तक सापडत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेलच. हे दुखणं विंडोज-लिनक्सचं नाही, आधीपासूनचं आहे. पण हलण्याआधी, जुनं यंत्र चालू असतानाच, यादी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणा. नेटवर अशा फॉन्टांचे रूपांतरक मिळतात. हजार-हजार नोंदींचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठा डोळ्यांनी तपासा. चुका ठरलेल्या ठिकाणी होतात: ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि 'ऱ्य' तर हमखास मोडतो.

हा 'ऱ्य' नीट समजून घ्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत, एक मठातला आणि एक स्वयंपाकघरातला. युनिकोडमध्ये दुसऱ्यासाठी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) 'ऱ' लागतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिफ्ट दाबून J ची कळ म्हणजे 'ऱ', मग D ची कळ म्हणजे हलन्त, मग य. हे ज्यांना माहीत नाही ते 'दऱ्या'ऐवजी 'दर्या' लिहितात आणि सह्याद्रीच्या दऱ्यांवरचं पुस्तक समुद्रावर जाऊन बसतं.

आता तुमच्या सहकारी ताई. आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम आणि त्याच्या सोबतीला एम१७एन नावाचा कळांच्या मांडण्यांचा संच टाका. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्टबरोबर रेमिंग्टनही आहे, फोनेटिक आहे आणि मराठी संकेतस्थळांवर वाढलेल्या पिढीचं गमभनही आहे. ज्याला जे येतं ते. काही जोडाक्षरं जुन्या टाइपरायटरपेक्षा वेगळ्या कळांवर असतील. कळांचा तक्ता छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

शेवटचं, अक्षराचं वळण. हिंदीचा ल आणि श वेगळे, आपले वेगळे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, पण मराठी वळण तेव्हाच उमटतं जेव्हा मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला सांगितलेलं असतं. लिब्रेऑफिसमध्ये दस्तऐवजाची भाषा मराठी करा, त्याच फॉन्टमधला ल बदललेला दिसेल. वाचनालयाने मराठीची एवढी बूज राखायलाच हवी. फॉन्ट मुक्त हवेत तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता पडद्यासाठी छान, आणि पुस्तकी मजकुराला आयआयटी मुंबईचा शोभिका.

पुस्तकवाली | १२ नोव्हेंबर २०२५

कंपोझिटर काका, तुमचा प्रतिसाद छापून ताईंना दिला. रेमिंग्टन आहे हे वाचून त्या पहिल्यांदा या विषयावर बोलल्या. आधी गप्पच होत्या.

एक शंका. पंचायत समितीतून येणारी पत्रं वर्डमध्ये असतात. ती बिघडणार का?

कंपोझिटर | १२ नोव्हेंबर २०२५

मजकूर बिघडत नाही, मांडणी हलते. ती पत्रं बहुतेक मंगल फॉन्टमध्ये असतात आणि मंगल मायक्रोसॉफ्टचा, लिनक्ससोबत येत नाही. दुसरा फॉन्ट आला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत फॉन्ट बदलाचा तक्ता आहे. मंगलच्या जागी कोणता वापरायचा ते एकदा भरून ठेवा. तुम्ही पाठवाल ते मात्र पीडीएफच पाठवा.

हिशेबवही | १३ नोव्हेंबर २०२५

मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे म्हणून सावध करते. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याची सॉफ्टवेअरंही प्रामुख्याने विंडोज धरून केलेली असतात, लिनक्सवर चालतील याची खात्री आधी करून घ्या. मार्च महिन्यात हे कळून उपयोग नाही. कार्यालयातल्या एका यंत्रावर विंडोज राहू द्या. विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, ते चालू करा आणि त्यावर हिशेबापलीकडे काही उघडू नका.

निळीशाई | १३ नोव्हेंबर २०२५

बरोबर सल्ला. दोन्ही एकाच यंत्रावर ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्याची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

पाटीपेन्सिल | १४ नोव्हेंबर २०२५

मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं तिरुवनंतपुरमला असते. इथल्या सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवरच चालतात. काइट नावाची सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती बनवते. माझी मुलगी पाचवीपासून तेच वापरतेय, तिला त्यात वेगळं काही वाटत नाही. इथे जमलं त्याची कारणं मला दोन दिसतात. सगळ्या शाळांत एकच आवृत्ती, आणि संगणकाआधी शिक्षकांचं प्रशिक्षण. पुस्तकवाली ताई, चार यंत्रांवर चार चवी नकोत. एक ठरवा आणि तीच सगळीकडे.

इझारकाठ | १४ नोव्हेंबर २०२५

पाटीपेन्सिलच्या मुद्द्याला दुसरी बाजू जोडतो. मी म्युनिकमध्ये राहतो. या शहराने लिमक्स नावाने स्वतःचं लिनक्स केलं होतं आणि २०१३पर्यंत पालिकेचे सुमारे १५ हजार संगणक त्यावर नेले होते. २०१७मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यात राजकारण होतं, आणि रोजच्या कामातल्या अडचणीही होत्या: बाहेरून येणाऱ्या फायली, खात्याखात्यांची वेगळी सॉफ्टवेअरं. म्हणून हिशेबवहींनी सांगितलं ते मनावर घ्या. पालिकेत काय किंवा वाचनालयात काय, माणूस पॅनेलच्या रंगावरून अडत नाही, दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलवरून अडतो.

विहिरीवरचापंप | १६ नोव्हेंबर २०२५

आमच्याकडे २ जीबीचा ३२ बिटचा संगणक आहे, त्यावर मिंट चालेल का?

सह्यकडा | १६ नोव्हेंबर २०२५

नाही. मिंटची मुख्य आवृत्ती २०पासून फक्त ६४ बिट आहे, आणि डेबियन १३नेही ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. आधी प्रोसेसर खरंच ३२ बिट आहे का ते पाहा. पुष्कळदा प्रोसेसर ६४ बिट असतो आणि त्यावर फक्त ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असतं. वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

पुस्तकवाली | ३० नोव्हेंबर २०२५

कामाला लागले. एका सभासदाने आईच्या नावाने तीन एसएसडी दिल्या.

पहिल्या यंत्रावर मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, काही न पुसता. आवाज आला, छपाई नाही, आणि वायफायचं छोटं यूएसबी डोंगल ओळखलंच नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, असं होऊन बसलं. संध्याकाळचे सात वाजले होते, मी जवळजवळ सोडून दिलं होतं. मग पुतण्याने फोनवर सांगितलं की मोबाइल चार्जिंगच्या वायरने जोड आणि यूएसबी टेदरिंग सुरू कर. मिंटने मोबाइललाच नेटची वायर समजून घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर शोधला, टाकला. पुन्हा चालू केल्यावर वायफाय आलं. हे इथे लिहून ठेवतेय कारण ही साधी गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नव्हती.

पाटीपेन्सिल ताईंचं ऐकलं, सगळीकडे एक्सएफसीई.

छपाईचं अजून सुटलेलं नाही. आमचा जुना लेसर प्रिंटर विंडोजवर निमूट चालतो, इथे कागद ओढतो आणि कोराच बाहेर टाकतो.

सह्यकडा | ३० नोव्हेंबर २०२५

काही जुने लेसर प्रिंटर त्या-त्या कंपनीच्या खासगी भाषेत बोलतात, त्यांचा ड्रायव्हर लिनक्ससाठी नीट मिळत नाही. त्यात आठवडे घालवू नका. सध्या तो विंडोजच्या यंत्राला राहू दे, बाकीचे पीडीएफ करून सामायिक फोल्डरमध्ये टाकतील. पुढे कधी नवा घ्याल तेव्हा खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का ते पाहा. असे प्रिंटर लिनक्समधली कप्स ही छपाईची व्यवस्था वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखते.

पुस्तकवाली | २१ डिसेंबर २०२५

तीन यंत्रं पूर्ण झाली, चौथ्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. त्या चौथ्यावर एक गोष्ट घडली. सकाळी अकराला विंडोज उघडलं तर घड्याळात पहाटेचे साडेपाच. बॅटरी गेली समजून मी नवा सेलही आणला. मग लक्षात आलं की फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला 'आतलं घड्याळ स्थानिक वेळेचं आहे' असं एका आज्ञेने सांगितलं, थांबलं.

सभासदांच्या दोन यंत्रांवर पाहुण्यांचं सत्र चालू केलंय. बाहेर पडलं की ब्राउझरमध्ये राहिलेलं खातं, उतरवलेली पीडीएफ, सगळं पुसलं जातं. आधी मी रोज संध्याकाळी दोन्ही यंत्रांवर फिरून लोकांची आधार कार्डं डाउनलोड फोल्डरमधून हाताने पुसत होते. पाट्या लावल्यात: 'बाहेर पडण्याआधी आपली फाइल पेनड्राइव्हवर घ्या.'

रंगपेटीची चार चिन्हं ठेवली. 'इंटरनेट', 'मराठीत लिहा', 'पीडीएफ वाचा', 'पुस्तक शोधा'. त्यातलं शेवटचं उघडलं की यादीची स्प्रेडशीट फक्त वाचण्यासाठी उघडते. रूपांतर ६ हजार नोंदींपर्यंत आलंय, काकांनी सांगितलं तसे हजारांचे गठ्ठे. 'ऱ्य' प्रत्येक गठ्ठ्यात मोडला होता.

एका यंत्राची भाषा पूर्ण मराठी केली, दुसऱ्याची इंग्रजी ठेवली. मराठी करताना त्याने विचारलं की फोल्डरांची नावंही मराठी करू का. मी हो म्हटलं आणि ताईंना 'डाउनलोड्स' सापडेना, म्हणून परत जुनी केली. करणाऱ्यांनी तिथे 'जुनी नावं ठेवा' म्हणावं. मला वाटलं होतं मराठी यंत्र रिकामं राहील. तसं झालं नाही. 'जतन करा', 'रद्द करा' हे शब्द लोकांना मोबाइलमुळे ओळखीचे आहेत.

निळीशाई | २२ डिसेंबर २०२५

फार मनापासून केलंत. यादी स्प्रेडशीटमधून पुढे न्यायची असेल तर कोहा पाहून ठेवा. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या वाचनालयासाठी झालेलं मुक्त सॉफ्टवेअर, २००० सालापासून वापरात. डेबियनवर छान चालतं आणि मराठी युनिकोड घेतं.

सह्यकडा | २२ डिसेंबर २०२५

कोहाला सांभाळणारा माणूस लागतो. आधी १४ हजार नोंदी युनिकोडमध्ये पूर्ण होऊ द्या. त्या स्वच्छ असल्या की कोहात ओतणं अवघड नाही.

पुस्तकवाली | १८ जानेवारी २०२६

१४ हजार पूर्ण झाल्या. शेवटचे तीन गठ्ठे ताईंनी एकट्याने तपासले, रेमिंग्टनवर. त्यांना फाइलमध्ये १९८७ साली बाद केलेली बावीस पुस्तकं सापडली, ती अजून कपाटात आहेत.

काल एक आजोबा आले, 'पुस्तक शोधा' उघडून 'दऱ्या' टाइप केलं. दोन पुस्तकं आली. दुसरं सात वर्षं कुणी नेलेलं नव्हतं, ते घेऊन गेले.

आता प्रिंटरचं बघते. पुढच्या बैठकीत विषय ठेवलाय. एअरप्रिंटवाला, दोन्ही बाजूंनी छापणारा, लेसर घ्यावा की टाकीवाला इंकजेट? महिन्याला साधारण सहाशे पानं होतात, जून-जुलैत दुप्पट.